आत्याचा रकाना

आमच्या दुकानातून कुठलाही कागद सुटा बाहेर जात नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याचा वाद नको. आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांचे गठ्ठे, ग्रंथालयांची कणा मोडलेली पुस्तकं, सगळं आमच्याकडे विस्कटलेलं येतं आणि शिवून, चिकटवून, कडा कापून ताठ मानेनं परत जातं. दुकान बाबांनी काढलं, चालवते मी, आणि काम आत्या करते. हे वाक्य आज मी असं सरळ लिहिते आहे खरी, पण त्या शुक्रवारपर्यंत मी ते तोंडातून काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "आत्या असते की मदतीला."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न जमलं नाही की तिनं ते जमू दिलं नाही, यावर घरात दोन मतं आहेत आणि तिचं मत कुणी विचारलेलं नाही. तेविसाव्या वर्षी ती बाबांच्या हाताखाली दुकानात आली. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांची घरं करत असे. आता ती चौपन्न वर्षांची आहे. पुस्तकाची कडा अंगठ्यानं एकदा फर्रकन फिरवली की मधलं एखादं पान गळालं आहे का, हे ती न मोजता सांगते. मी तिच्याशी पैज लावून तीनदा तोंडघशी पडले आहे.

तिची एक रीत मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी. ती पानांचे आकडे बघते, मजकूर बघत नाही. ही बाबांची शिकवण. वाचत बसलं की हात थांबतो, हात थांबला की दोरा सैल पडतो. शिवाय लोकांचे कागद असतात, त्यात डोकं घालू नये. एकतीस वर्षं लोकांचे घटस्फोट, वाटण्या, प्रेमकविता आणि रसायनशास्त्र तिच्या हाताखालून गेलं, पण तिनं एक ओळ वाचली नाही. मी मात्र सगळं वाचते. मला राहवतच नाही.

तर एका दुपारी मी पुठ्ठे कापत होते आणि ती सुईत दोरा ओवत होती. वर न बघता ती म्हणाली, "दुकानाची नोंदणी करून घे."

"कसली नोंदणी?"

"कामगार कार्यालयात करतात ती. प्रत्येक दुकानाला करावी लागते. आपली कधी झालीच नाही."

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता कशाला शेपूट लावून घ्यायचं मागे?"

"मला दाखला हवाय," आत्या म्हणाली. "नोकरदार बायकांच्या वसाहतीत खोल्या निघाल्या आहेत. मी अर्ज केला होता. माझा नंबर लागलाय. येत्या शुक्रवारी चारच्या आत नोकरीचा दाखला द्यायचाय, नाहीतर खोली पुढच्या बाईला जाते. आणि दाखला नोंदणी झालेल्या दुकानाचाच चालतो."

हे सगळं तिनं अशा आवाजात सांगितलं, जणू खळ संपत आली आहे, उद्या नवी शिजवायला हवी. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. अर्ज केला होता म्हणे! कधी केला, कुणाला विचारून केला? आमच्या घरात साधा पंखा घ्यायचा तरी आठवडाभर चर्चा होते.

"घरात काय कमी आहे तुला?" मी विचारलं.

"कमी काही नाही. माणसं जास्त आहेत."

ते खरं होतं. आत्या आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते. शेवटचा माणूस टीव्ही बंद करून उठेपर्यंत तिला आडवं होता येत नाही आणि पहिला माणूस चहाला यायच्या आत तिला उठून चादर घडी करावी लागते. तिचे कपडे माझ्या कपाटाच्या खालच्या खणात असतात. आजारी पडली तरी ती चारचौघांत पडते. मला हे रोज दिसत होतं, पण जे रोज दिसतं त्याकडे कोण बघतं?

"आणते दाखला," मी म्हटलं. "मी मनावर घेतलं आणि झालं नाही, असं कधी झालंय का?"

"म्हणून तर तुला सांगितलं," आत्या म्हणाली आणि दोरा मेणावरून ओढून घेतला.

मी त्याच दिवशी फॉर्म आणला. आठ पानी होता. मला फॉर्मची भीती वाटत नाही. लोक फॉर्म बघितला की घाबरतात आणि मग एजंटाच्या पायऱ्या झिजवतात. मी बसले आणि भराभर लिहीत सुटले. दुकानाचं नाव, मालकाचं नाव (म्हणजे माझंच, दुकान बाबांनी माझ्या नावावर केलंय), धंद्याचं स्वरूप, जागा, कधीपासून. सहाव्या पानावर दोन तक्ते होते. पहिला, 'धंद्यात हातभार लावणारे कुटुंबीय'. दुसरा, 'कामगार'.

बाबा शेजारी खुर्चीवर बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून ते काम करत नाहीत, फक्त देखरेख करतात, म्हणजे चुका काढतात. त्यांनी चष्म्यातून वाकून बघितलं.

"तिला कामगारात लिहिणार आहेस की काय?"

"काय करू?"

"माझ्या सख्ख्या बहिणीला नोकर म्हणून लिहायचं? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, बाबा? तो कागद सरकारी कपाटात जाणार आहे. तिथं झुरळं राहतात."

असं म्हटलं खरं, पण आत्याचं नाव मी पहिल्याच तक्त्यात लिहिलं. नातं: आत्या. आणि लिहिल्यावर मला बरं वाटलं. वाटलं, मान ठेवला आपण तिचा. फॉर्म भरून झाल्यावर मी शेवटच्या पानामागच्या सूचनाही वाचल्या. मी सगळं वाचते हे मघाशी सांगितलंच.

गुरुवारी फॉर्म आणि त्यासोबतचे पुरावे असे सगळे मिळून बत्तीस कागद झाले. ते मी सवयीनं आत्याच्या टेबलावर ठेवले. संध्याकाळपर्यंत तिनं त्यांचं पुस्तक केलं. साधं टाके मारलेलं नाही, चांगलं पक्कं: काळं कापड, आतून जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना चामडं, वर सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव. आत्या सहसा आपल्या कामाकडे दुसऱ्यांदा बघत नाही. त्या दिवशी तिनं ते पुस्तक दोनदा उचलून बघितलं.

"सरकारी कचेरीत जातंय," ती म्हणाली. "जरा बरं दिसलं पाहिजे."

शुक्रवारी आम्ही दोघी कचेरीत पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर नंबर दाखवणारा लाल आकड्यांचा डबा, आणि एकमेकांचे नंबर चोरून बघणारी माणसं. नोंदणीची खिडकी चार नंबरची होती आणि ती दोनला बंद होणार होती. दुपारी दोननंतर शुक्रवारी कामकाज नाही, अशी पाटी तिथंच लावलेली होती. आमचा नंबर एक वाजून दहा मिनिटांनी आला. मी छाती पुढे काढून गेले आणि आमचं काळं पुस्तक खिडकीतून आत सरकवलं.

खिडकीतल्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे काय आहे?"

"नोंदणीचा अर्ज."

"अर्ज आहे हा?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना बोलावलं. "अहो, इकडे या, हे बघा." ते आले आणि दोघांनी मिळून पुस्तक उघडायचा प्रयत्न केला. आमची शिलाई नवी असते तेव्हा ताठ असते. पुस्तक उघडायचं, आणि हात काढला की आपलं आपण मिटायचं.

"बाई, हे कागद यंत्रात घालायचे असतात," त्यांनी बाजूचा स्कॅनर दाखवला. "एकेक. सुटे. त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही."

"सुटे कागद हरवतात," मी म्हटलं. "हे हरवणार नाहीत. तीस वर्षं यातलं एक पान हलणार नाही, लिहून देते."

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना सांगायला सुरुवात केली की अर्ज नीट बांधून देऊ नये असं कुठं लिहिलंय ते दाखवा, आम्ही लोकांना नीटनेटकं काम देतो आणि इथं नीटनेटकेपणाच गुन्हा ठरतो. माझा पट्टा सुरू झाला की लवकर थांबत नाही. बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांना दिवसात असे दहा पट्टे ऐकायला मिळत असणार.

तेवढ्यात आत्यानं माझ्या कोपराला हात लावला. "सरक," म्हणाली. तिनं पिशवीतून छोटी सुरी काढली, खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक आडवं ठेवलं आणि कापड कण्यापासून अलगद सोडवलं. मग आतला दोरा ठिकठिकाणी कापला. काल अर्धा दिवस घालवून केलेलं काम तिनं पाच मिनिटांत उसवलं आणि तिच्या चेहऱ्यावर एक आठीसुद्धा उमटली नाही. एकाही कागदाचा कोपरा फाटला नाही. बाई चष्मा वर करून तिच्या हातांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही केलंय हे?"

"हो."

"सुरेख आहे हो. वाईट वाटतं."

"परत शिवता येईल," आत्या म्हणाली.

मग ती एकेक कागद आत देऊ लागली आणि बाई तो यंत्रात घालू लागल्या. यंत्र संथ होतं. एक कागद आत जायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ पुढचा कागद आत्याच्या हातात नुसता थांबलेला असायचा. शिवायला काही नाही, चिकटवायला काही नाही. रिकाम्या हातानं उभं राहायची तिला सवय नाही. तिची नजर कागदावर गेली. मला ते दिसलं. पाचवं पान गेलं. सहावं पान तिच्या हातात थांबलं.

तिनं ते सावकाश वाचलं. मग खिडकीत बघून विचारलं, "बाई, इथं माझं नाव आहे. याच्यावर मला नोकरीचा दाखला मिळेल? आजच चारच्या आत वसाहतीत द्यायचाय, खोलीसाठी."

बाईंनी वाकून बघितलं. "या तक्त्यातल्यांना नाही मिळत. खालच्या तक्त्यातल्यांना मिळतो. कामगारांच्या यादीचा शिक्का मारलेला उतारा देतो आम्ही लगेच. हे कुटुंबीय झाले. आणि खरं म्हणजे इथं तुमचं नाव येतच नाही. आत्या कुटुंबात धरत नाहीत. नवरा, मुलं आणि आईवडील, एवढेच."

आत्यानं माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग एकतीस वर्षं मी कुठल्या रकान्यात होते?"

"आत्या, तू घरची आहेस. तुला मी नोकरांच्या यादीत कशी..."

"मागच्या सूचना वाचल्या होत्यास?"

मी खोटं बोलू शकले असते. तिला पटलंही असतं, कारण ती कुणावर संशय घेत नाही. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला जमलं नाही.

"वाचल्या होत्या," मी म्हटलं.

"त्यात लिहिलं होतं, दाखला मिळणार नाही म्हणून?"

"हो."

"आणि मी वाचणार नाही हे तुला माहीत होतं."

ते मला माहीत होतं. मान ठेवला, मान ठेवला असं मी स्वतःशी घोकत होते, पण खरं सांगायचं तर मला ती जायला नको होती. दुकान तिच्यावर चालतं. घरही बरंचसं तिच्यावर चालतं. ती गेली तर मला सकाळी उठावं लागेल, बाबांची औषधं बघावी लागतील, आणि टेबलापलीकडे बसून कुणी मला निमूटपणे ऐकून घेणार नाही. दाखला आणते म्हणून मी तिला शब्द दिला आणि त्याच शब्दाला सूचना वाचून झाल्यावर हळूच बगल दिली. नंतर सांगितलं असतं, काय करणार, नियमच तसा आहे. नियमावर ढकललं की माणूस सुटतो.

"मला तू जायला नको होतीस," मी म्हटलं. तिथं, चार नंबरच्या खिडकीपुढे, मागे पंधरा माणसं उभी असताना. "म्हणून तसं लिहिलं."

आत्यानं मान हलवली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मला भांडता येतं. पण ती खिडकीकडे वळली. "बाई, हे पान बदलून मिळेल का?"

"मिळेल. कोरं पान देते. मालकानं स्वतः भरायचं. पण दोनला खिडकी बंद होते," बाई म्हणाल्या. भिंतीवरच्या घड्याळात एक चाळीस झाले होते. "तुम्ही तिथं बाजूला बसून भरा. तोवर मी बाकीचे कागद यंत्रात घालून घेते. झालं की या, नंबरची गरज नाही." आणि मग मला, जरा खालच्या आवाजात, "पटकन भरा. त्यांना खोली मिळू द्या."

आम्ही खुर्च्यांवर बसलो. माझ्या मांडीवर पान, हातात पेन, शेजारी आत्या. पहिल्या तक्त्यात मी 'कुणी नाही' असं लिहिलं. मग दुसरा तक्ता. पूर्ण नाव. आत्याचं पूर्ण नाव लिहिताना मला जाणवलं की गेल्या कित्येक वर्षांत ते आमच्यापैकी कुणी उच्चारलं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा तिला आत्या म्हणतात.

"कामाचं स्वरूप," मी वाचलं आणि सवयीनं लिहायला लागले, मद...

"मदतनीस नाही," आत्या म्हणाली. "मुख्य बाइंडर."

"मुख्य? आत्या, दुकानात दुसरा बाइंडर कुठं आहे?"

"तू आहेस. तू दुय्यम."

मी लिहिलं. मुख्य बाइंडर. खरंच तर होतं. दोन वर्षांपूर्वी मी एक प्रबंध उलटा शिवला होता, आणि तिनं तो गिऱ्हाईक यायच्या आत उसवून परत शिवला, कुणाला कळू न देता.

कामाला लागल्याची तारीख तिला पाठ होती. कोणता वार होता तेही तिनं सांगितलं. कामाच्या वेळा सांगितल्या, त्यात मधली अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, जी तिनं कधी घेतली नव्हती. पगाराचा रकाना आला तेव्हा मी थांबले. पगार तिला कधी दिलाच नव्हता. घरात राहते, जेवते, लागेल ते घेते, असंच चाललं होतं. तिनं आकडा सांगितला. माझ्या भुवया वर गेल्या, पण तोंड मी उघडलं नाही, आणि तोंड न उघडणं माझ्या बाबतीत किती अवघड आहे हे माझ्या नवऱ्याला विचारा. लिहिला आकडा.

"साप्ताहिक सुट्टी."

"बुधवार."

"बुधवार कशाला? रविवार घे की. सगळे रविवार घेतात."

"रविवारी सगळे घरी असतात. सगळे घरी असले की सुट्टी नसते, दुप्पट काम असतं. बुधवार लिही."

"पण बुधवारी दुकान उघडं असतं आत्या. ग्रंथालयाचं काम बुधवारी येतं."

"दुकान उघडं ठेव. मी नसेन."

मी बुधवार लिहिलं. शेवटी 'मालकाची सही' आणि 'कामगाराची सही' अशा दोन रेघा होत्या. मी माझ्या रेघेवर सही केली. आत्यानं पेन घेतलं, कागद आपल्या मांडीवर नीट सरळ केला आणि सही करण्याआधी संपूर्ण तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. घड्याळ एक बावन्न दाखवत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता, पण ती एक रकानासुद्धा न गाळता वाचत गेली. मग सही केली.

एक छप्पनला खिडकीतून शिक्का मारलेला उतारा बाहेर आला. बाईंनी तो माझ्याकडे नाही, आत्याकडे दिला. "मुख्य बाइंडर," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "वा."

वसाहतीच्या कचेरीत आम्ही तीनच्या सुमारास पोहोचलो. तिथं मी बाहेरच थांबले. आत्या आत गेली आणि थोड्या वेळानं किल्ली घेऊन बाहेर आली. घरी जाताना वाटेत ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर मी तुला आयुष्यभर भोळी समजले असते."

घरी बाबांना मीच सांगितलं. वाटलं, आता आदळआपट होणार. बाबा बराच वेळ हातातली काठी या बाजूनं त्या बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "तिला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नाही. दुकानात ये म्हटलं, ती आली." त्यानंतर ते आत जाऊन पडले. आत्या गेली त्या दिवशी त्यांनी तिच्या पिशव्या हातात घ्यायचा हट्ट धरला आणि थरथरत्या हातांनी एक पिशवी दारापर्यंत नेली. आत्यानं त्यांना नेऊ दिली.

आमचं काम तसंच चालू राहिलं. आत्या वेळेवर येते, वेळेवर जाते, मधली अर्ध्या तासाची विश्रांती घेते आणि त्या अर्ध्या तासात मी काही विचारलं तर उत्तर देत नाही. महिन्याच्या शेवटी तिला पगार देताना मला पहिल्यांदा कसनुसं झालं. तिला मुळीच झालं नाही. तिनं मोजून घेतला आणि सही केली.

चौथ्या बुधवारी ग्रंथालयातून एक मोठा नकाशांचा ग्रंथ आला. कणा पार निखळलेला, पानांच्या जुड्या सुट्या झालेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रदर्शनात ठेवायचा होता. मी दुपारभर त्याच्याशी झटापट केली. मधली घडी शिवायला घेतली की बाजूची फाटायची. हे काम आत्याचं होतं, माझ्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी मी तो ग्रंथ जाड कागदात गुंडाळला, काखोटीला मारला आणि वसाहतीत गेले. मनात म्हटलं, तासाभराचं तर काम आहे, ती नाही म्हणणार नाही. कधी म्हटलंय?

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. मी दार वाजवलं. आतून लगेच कुणी आलं नाही. मी परत वाजवलं. आमच्या घरात हाक मारली की आत्या दुसऱ्या हाकेच्या आत हजर व्हायची. इथं मी चांगली दोन मिनिटं उभी राहिले. मग दार उघडलं. तिनं केस धुतले होते आणि मोकळे सोडले होते. तिचे केस एवढे लांब आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग काखेतल्या गाठोड्याकडे.

"आज बुधवार आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पण ग्रंथालयवाले अडून बसलेत. उद्या सकाळी प्रदर्शन आहे त्यांचं. माझ्यानं मधली घडी होत नाही, आत्या. फार तर तासाभराचं..."

"त्यांना सांग, बाइंडर सुट्टीवर आहे. उद्या नऊला आल्यावर करीन."

"आठला प्रदर्शन आहे."

"मग दुपारी ठेवतील."

ती दारात उभी होती, एक हात चौकटीला लावून. आत ये म्हणाली नाही. मी बाहेर उभी, काखेत ते जड ओझं, आणि माझा राग उकळत वर आला. एवढं काय मोठं मागितलं मी? रक्ताचं नातं आहे. मी तोंड उघडलं. पण आत्या शांतपणे वाट बघत होती. माझी बडबड ऐकून घ्यायची सवय असलेली ती बाई आज ऐकून घ्यायला उभी नव्हती. मी आले आहे ती कोण म्हणून, मालक की भाची, एवढंच तिला बघायचं होतं.

मी गाठोडं व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं.

"आत्या, आत येऊ का?" मी विचारलं. एकतीस वर्षांत मी तिला काही करू का म्हणून विचारल्याचं आठवत नाही.

ती बाजूला झाली.

"ये," म्हणाली. "पण खुर्ची एकच आहे. तिच्यावर मी बसते."

मी आत गेले आणि खाली बसले.